मधुमेह आहे, एलडीएल १३६ आलंय. स्टॅटिन सुरू करू की थांबू?

रामबागची_मुक्ता
नमस्कार मंडळी. स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचं पाकीट आणून ठेवलंय, अजून फोडलेलं नाही, म्हणून हा धागा.

वय ५४. शुगर सात वर्षांपासून, मेटफॉर्मिन दोन वेळा, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.१. बीपीची एक गोळी सकाळी. हृदयाचा त्रास कधी झालेला नाही. वडिलांना एकसष्टाव्या वर्षी लकवा झाला होता.

लिपिड प्रोफाइल: एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) १९०, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३८, एलडीएल म्हणजे वाईट १३६. रिपोर्टवर एलडीएलच्या पुढे 'बॉर्डरलाइन' छापलंय. एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) ४८. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड एक. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला आणि रोसुवास्टॅटिन १० लिहून दिली. "किती दिवस?" विचारलं तर "आता चालूच." बाहेर एवढी गर्दी होती की पुढे विचारायचा धीर झाला नाही.

धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, बॉर्डरलाइनला कोणी गोळी घेतं का? शुगर वाढते, स्नायू झिजतात, लिव्हर आधीच खराब आहे तुमचं, आणि एकदा लागली की सुटत नाही." आमच्या ह्यांचं म्हणणं, डॉक्टरांनी दिलीये तर घेऊन टाक. दोघांचंही मत कळलं, कारण कुणीच सांगत नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा.

भिया_सराफेवाले
ताई, घेऊन टाका. मीही घेतो. रात्री सराफ्यातून, आपल्या इंदूरच्या खाऊबाजारातून आलो की आधी गोळी, मग झोप.

रामबागची_मुक्ता
भिया, तुमच्या सल्ल्यात गोळीपेक्षा सराफाच जास्त दिसतोय.

लॅबवाले_काका
मुक्ता, आयुष्य लॅबमध्ये गेलं, म्हणून फक्त रिपोर्टाबद्दल बोलतो.

पहिलं, 'बॉर्डरलाइन' हा शिक्का तुझ्यासाठी नाही. १३० ते १५९ म्हणजे बॉर्डरलाइन, ही पट्टी सरसकट सगळ्यांसाठी छापलेली असते. मशीनला तुझी शुगर माहीत नसते, बीपी माहीत नसतं, वडिलांचा लकवा तर नाहीच नाही. पंचविशीतल्या धट्ट्याकट्ट्या मुलाच्या कागदावरही तेच छापून येतं.

दुसरं, तुझं १३६ बहुधा मोजलेलं नाही, हिशेबाने काढलेलं आहे. एकूण २१२ मधून एचडीएल ३८ वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे १९० भागिले ५, पुन्हा ३८ वजा. उरले १३६. जुळतंय ना? बहुतेक लॅबमध्ये हेच सूत्र चालतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते कामाचं राहत नाही, आणि त्याच्या बरंच आधीपासून थोडं डळमळायला लागतं.

म्हणून शुगरवाल्यांनी आणखी एक वजाबाकी करावी: एकूण वजा एचडीएल. तुझं आलं १७४. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं, एलडीएलसकट. डायबेटीसमध्ये एलडीएलचे कण बारीक आणि संख्येने जास्त असतात. त्यामुळे आकडा मध्यम दिसतो, पण कण पुष्कळ असतात. ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल उतरलेलं, ही आपल्याकडच्या डायबेटीसची नेहमीची जोडी आहे.

तिसरं, टीएसएच केलंय का? थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेही वाढतं, आणि तशात स्टॅटिन घेतली तर स्नायूंचा त्रास व्हायची शक्यताही जास्त. सुरू करण्याआधी बघून घे.

रामबागची_मुक्ता
काका, टीएसएच तीन वर्षांपूर्वीचं आहे. उद्याच करते.

तर्कटराव
तुमच्या दिरांची बाजू घेणारं कुणीतरी हवं, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, आकडे वाचतो.

मधुमेहात स्टॅटिन द्या म्हणताना नेहमी 'कार्ड्स' या चाचणीचा हवाला देतात. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. ब्रिटन आणि आयर्लंडमधले २८३८ टाइप २ मधुमेही, आधी हृदयविकार नसलेले. अर्ध्यांना ॲटोर्वास्टॅटिन १०, अर्ध्यांना दिसायला तशीच पोकळ गोळी. जाहिरात काय झाली? "हृदयविकार आणि लकवा ३७ टक्क्यांनी कमी." आता मूळ आकडे बघा. पोकळ गोळीवर सुमारे चार वर्षांत शंभरातल्या ९ जणांना काहीतरी मोठं झालं, खऱ्या गोळीवर जवळपास ६ जणांना. म्हणजे शंभर जणांनी चार वर्षं रोज गोळी गिळली, वाचले तिघे. बाकीच्या सत्त्याण्णवांना काय मिळालं?

आणखी एक. मृत्यू कमी झाले असं सांगतात, पण तो फरक सांख्यिकीच्या नेहमीच्या रेषेच्या जरा बाहेरच राहिला, म्हणजे योगायोगही असू शकतो. पैसा देणाऱ्यांत औषध बनवणारी कंपनी होती. आणि भाग घेणारे जवळजवळ सगळे गोरे. इंदूरच्या बाईंनी त्यावर निर्णय का घ्यावा?

मेघदूतचा_फेरीवाला
(फेरीवाला म्हणजे उपवनात सकाळी फेऱ्या मारणारा. पेशाने फिजिशियन. इथे कुणाला प्रिस्क्रिप्शन देत नाही, तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं सांगेन.)

तर्कटराव, आकडे बरोबर दिलेत, आणि टक्क्याऐवजी माणसं मोजायची तुमची पद्धतही मला पटते. पण त्याच पेपरातल्या दोन गोष्टी तुम्ही सोडल्यात.

चाचणीत कोणाला घेतलं होतं? वय ४० ते ७५, मधुमेह, आणि जोडीला बीपी, सिगारेट, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा लघवीतून प्रथिन जाणं, यांपैकी एक तरी. मुक्ताताईंना बीपी आहे, म्हणजे त्या चाचणीत बसल्या असत्या. आणि आत घेतलेल्यांचं सरासरी एलडीएल किती होतं? ११८ च्या आसपास. ताईंच्या १३६ पेक्षाही कमी. फायदा झाला तो ज्यांना रिपोर्टाने 'ठीक आहे' म्हटलं असतं अशांना. त्यामुळे "बॉर्डरलाइनला कोणी गोळी घेतं का" या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मधुमेहात एलडीएल किती वाढलंय यापेक्षा माणसाचा एकूण धोका किती, हे आधी बघतात. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींना एलडीएल काहीही असलं तरी मध्यम ताकदीची स्टॅटिन सुचवतात, ती याचसाठी.

आता ते सत्त्याण्णव. चार वर्षांत तिघे वाचले हे खरं. पण ताई ५४ च्या आहेत. त्यांना पुढची पंचवीस-तीस वर्षं बघायची आहेत, आणि धमनीतला थर चार वर्षांनी साचायचा थांबत नाही. शिवाय ते तिघे कोण हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मला तरी येत नाही.

मृत्यूबद्दल: ती चाचणी फायदा स्पष्ट दिसल्यामुळे ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षं आधी थांबवली, म्हणून मृत्यूचा हिशेब अपुरा राहिला. २००८ मध्ये १४ चाचण्यांमधले १८ हजारांवर मधुमेही एकत्र मोजले तेव्हा एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की मोठे हृदयविकार आणि लकवे सुमारे एक-पंचमांशाने कमी, आणि एकूण मृत्यूही ९ टक्क्यांनी कमी आढळले.

गोऱ्यांच्या मुद्द्यात मात्र दम आहे, फक्त तो दुसऱ्या बाजूला जातो. आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो, म्हणजे वाचवण्यासारखं आपल्याकडे जास्त. दुसरीकडे रोसुवास्टॅटिनची रक्तातली पातळी आशियाई लोकांत गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट मिळते. म्हणून अमेरिकेतल्या औषधपत्रकात आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी असं लिहिलंय. ताई, "मला १० की ५?" हे डॉक्टरांना जरूर विचारा.

तर्कटराव
११८ चा मुद्दा मान्य. कंपनीच्या पैशाचं काय?

मेघदूतचा_फेरीवाला
कंपनीबरोबर ब्रिटनचं आरोग्य खातं आणि तिथली मधुमेहींची संस्थाही पैसा देणाऱ्यांत होती. पण संशय ठेवा, चांगली सवय आहे. फक्त आता ॲटोर्वा आणि रोसुवाची पेटंटं कधीच संपलीत. गल्लीबोळातल्या कंपन्या ही गोळी बनवतात. ज्यात खरा नफा आहे ती कोलेस्टेरॉलची नवी इंजेक्शनं वेगळी.

रामबागची_मुक्ता
डॉक्टरसाहेब, धोका किती ते कळलं. पण शुगर? सात वर्षं मी भात मोजून खाते. वर्षभर धडपडून एचबीएवनसी ७.८ वरून ७.१ वर आणलं. आता एखादी गोळी घेऊन ते परत चढणार असेल तर मला राग येईल.

मेघदूतचा_फेरीवाला
तुमचे दीर इथे खोटं बोलत नाहीत. स्टॅटिनने शुगर किंचित वाढते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तशी सूचना पत्रकात घालायला लावली. पण किती, ते बघा. २०१० मध्ये १३ चाचण्यांचे ९१ हजार लोक एकत्र मोजले. मधुमेह नसलेल्या २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो, असं निघालं. तोही बहुतेक वेळा जो आधीच काठावर उभा होता त्याला.

तुम्हाला तर मधुमेह आहेच. अशांमध्ये एचबीएवनसी सरासरी ०.१ च्या आसपास वाढतं. ७.१ चं ७.२. एका लग्नसराईत याहून जास्त चढतं. कार्ड्समधले सगळे मधुमेहीच होते, त्यांचीही शुगर थोडी वाढली असणार, आणि ती वाढ धरूनच लकवे जवळपास निम्म्याने कमी झाले. शुगर आपण कशासाठी सांभाळतो? हृदय, मेंदू, किडनी, डोळे. त्यातल्या पहिल्या दोघांसाठी ही गोळी आहे.

फॅटी लिव्हर ही स्टॅटिनला आडकाठी नाही. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं तर विचार करतात. ४८ म्हणजे त्याच्या आसपासही नाही.

शनिवारची_अभंगवाली
मी दुखण्याबद्दल लिहिते, कारण मला दुखलं होतं आणि लोक म्हणाले मनाचे खेळ.

ॲटोर्वा ४० चालू होती. दोन्ही मांड्या सारख्याच जड, जिना चढताना जाणवायचं. गोळी मीच बंद केली, कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी ओरडण्याऐवजी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी तपासणी) आणि ड जीवनसत्त्व तपासलं. सीपीके ठीक होतं, ड अगदी तळाला. ते भरून काढलं, मग रोसुवा ५ एक दिवसाआड सुरू केली, हळूहळू रोजची झाली. आता मांड्या बऱ्या आहेत, एलडीएलही खाली आहे. मुक्ताताई, दुखलं तर गुपचूप बंद करू नका, डोस आणि गोळी बदलून मिळते हे आधीच माहीत असू द्या.

मेघदूतचा_फेरीवाला
हे फार कामाचं लिहिलंत. मनाचे खेळ म्हणणाऱ्यांना एक अर्धसत्य माहीत असतं. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना आळीपाळीने काही महिने खरी गोळी, काही महिने पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं. गोळी खरी की पोकळ, ते त्यांना सांगितलं नव्हतं. त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग पोकळ गोळीवरही आला. दुखत होतं ते खरंच दुखत होतं, पण बऱ्याचदा गोळीतल्या द्रव्यामुळे नव्हे, गोळी घेतोय या धास्तीमुळे. आणि हे कळल्यावर त्यांच्यातल्या निम्म्यांनी परत सुरू केली.

मात्र लघवी काळपट, चहाच्या रंगाची झाली, अंग खूपच गळालं, तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांकडे. स्नायू खरोखर विरघळणं फार क्वचित, पण ते असतं.

दवाबाजारचा_दादा
काउंटरवरून चार गोष्टी.

रोसुवा किंवा ॲटोर्वा कोणत्याही वेळी चालते. रात्रीच हवी ही अट जुन्या सिम्वास्टॅटिनची. रात्री विसरत असाल तर सकाळच्या बीपीच्या गोळीबरोबर घ्या.

रोसुवा घेतल्यावर लगेच ॲसिडिटीचं गुलाबी औषध पिऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही. दोन तासांनी प्या. (सराफेवाले भिया, हे खास तुमच्यासाठी.)

घसा धरला, छाती भरली म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं तर डॉक्टरांना आधी सांगा की मी स्टॅटिनवर आहे. ॲटोर्वा आणि सिम्वावाल्यांनी विशेष.

'नैसर्गिक कोलेस्टेरॉलनाशक' म्हणून लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूल येतात. त्यात लोव्हास्टॅटिनच असतं, फक्त किती ते डबीवर नसतं. स्टॅटिनवर ते चढवू नका. आणि पैशांचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात हीच गोळी फार स्वस्तात मिळते.

तर्कटराव
म्हणजे नैसर्गिकच्या नावाखालीही स्टॅटिनच.

लॅबवाले_काका
स्टॅटिन मुळात बुरशीतूनच आली. अकिरा एंडो नावाच्या जपानी संशोधकाने टोकियोत १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या बुरशीतून पहिली शोधली. बाजारातली पहिली लोव्हास्टॅटिन, १९८७ ची, तीही बुरशीचीच.

मालव्यातली_मावशी
पथ्याबद्दल कुणी बोलतच नाहीये. गोळीच्या आधी सहा महिने शेव बंद करून बघा की. आपल्याकडे पोह्यांवर शेव, भाजीत शेव, नुसती शेव. बाजारातली बहुतेक पाम तेलात तळलेली.

मेघदूतचा_फेरीवाला
मावशी, शेव आजपासूनच बंद करावी, गोळी असो नसो. पाम तेलातली संपृक्त चरबी एलडीएल वाढवतेच. पण ते एकटं किती पुरेल? मन लावून पथ्य केलं, रोज इसबगोल घेतलं, वजन उतरवलं, तर एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं. १३६ चं १२० होईल. मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्यांसाठी ध्येय ७० च्या खाली असतं. कोलेस्टेरॉल बहुतांश यकृतातच बनतं, म्हणून शुद्ध शाकाहारी माणसाचंही वाढलेलं असतं. स्टॅटिन ते बनणं कमी करते, आणि मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त जोरात ओढून घेतं.

पथ्याने ट्रायग्लिसराइड मात्र छान उतरतं. गोड, मैदा आणि दारू, ही तिथली खरी कारणं.

मालव्यातली_मावशी
आणि गराडू, आपला तळलेला कंद?

मेघदूतचा_फेरीवाला
थंडीत एकदा. मी तरी खातो.

चष्मेबद्दूर_इंदौरी
थोडं अवांतर. बाबा ८२ चे, शुगर आहे, हार्टचं काही नाही. त्यांना आता सुरू करायची का?

मेघदूतचा_फेरीवाला
पंचाहत्तरीनंतर, कधीच हृदयविकार न झालेल्यांत नव्याने सुरू करण्याचा पुरावा पातळ आहे. आधीपासून चालू असेल आणि सोसत असेल तर बहुधा चालू ठेवतात. नव्याने सुरू करायची असेल तर बाकी औषधं किती आहेत, हिंडणं-फिरणं कसं आहे, हे बघून त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं. घाई नाही.

रामबागची_मुक्ता
टीएसएच आलं, ठीक आहे. आज पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आले, या वेळी प्रश्न कागदावर लिहून. काल रात्री दीरही जेवायला होते, त्यांनी हा धागा वाचला. ११८ वर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. "लिव्हरचं मात्र तपासत राहा, वहिनी" एवढं बोलले.

डॉक्टर कागद बघून हसले, पण सगळी उत्तरं दिली. ५ की १०? म्हणाले, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) चांगलं आहे, १० ने एलडीएल साधारण ४५ टक्के उतरेल, म्हणजे ७५ च्या आसपास. ५ ने ८० च्या वरच राहील. म्हणून १० च ठेवू, पाय दुखले तर ५ करू. आणि १० ने ७० गाठलं नाही तर २० करणार का? नाही. डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं, त्यापेक्षा एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी जोडू. "एकदा लागली की सुटत नाही" याचं उत्तर मला आवडलं. म्हणाले, सवय लागत नाही, कधीही थांबवता येते. फक्त थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल होतं तिथे परत जातं.

गोळी सुरू केली आहे, सकाळच्या बीपीच्या गोळीबरोबर. दोन महिन्यांनी लिपिड आणि एसजीपीटी. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, तेही मी मुद्दाम मागून घेतलं.

तर्कटराव
ते एचबीएवनसी इथे टाका, ७.२ च्या वर गेलं तर मी बोलणार.

रामबागची_मुक्ता
बोला, पण मधे दिवाळी आहे हे लक्षात ठेवा. काका, दोन महिन्यांनी लिपिडला उपाशीपोटीच यायचं का? लॅबवाली मुलगी बारा तास म्हणाली.

लॅबवाले_काका
नुसत्या एलडीएलसाठी आता उपाशी राहायची सक्ती राहिलेली नाही. पण तुझं ट्रायग्लिसराइड १९० होतं, आणि तुझं एलडीएल त्याच्यावरून काढलं जातंय. मागच्या रिपोर्टाशी तुलना करायची तर त्याच लॅबमध्ये, तसंच उपाशीपोटी जा. पाणी प्यायलेलं चालतं. आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको.